थर मोडू नयेत

कोशिंबिरीला पाणी सुटतं हा पद्माकर देवस्थळींच्या मते स्वयंपाकातला नव्हे, देखरेखीतला दोष होता. सरकारी कारखान्यात तीस वर्षं दुसऱ्यांच्या मालावर लाल शाईनं शेरे मारून ते निवृत्त झाले होते. शाई कारखान्यात राहिली, शेरे तेवढे घरी आले. बंगळूरला बसवनगुडीतल्या घरात रोज दुपारी ताटाच्या डाव्या बाजूकडे बघून ते म्हणत, "सुटलं पाणी." मग तीच कोशिंबीर दोनदा मागून घेत. हेमलताबाई ऐकत आणि वाढत.

लेकीच्या, वल्लरीच्या, एचएसआर लेआउटमधल्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत ठरली आणि कोशिंबीर माहेरहून न्यायची असं ठरलं, तेव्हा पद्माकरांनी ते काम स्वतःकडे ओढून घेतलं. कोशिंबीर हा शब्दही त्यांना हलका वाटत होता. मोबाइलवर त्यांनी थरांचं सॅलड पाहिलं होतं. आदल्या दिवशी काचेच्या भांड्यात रचायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी लोकांनी तोंडात बोट घालून बघत राहायचं. शिवाय पुण्याहून व्याही मकरंदराव येणार होते. जेवणातलं आपल्याखेरीज कुणाला काही कळतं, हे त्या गृहस्थांना मान्य नव्हतं.

आदल्या दुपारी निवृत्तीच्या वेळी मिळालेलं काचेचं मोठं भांडं शोकेसमधून खाली उतरलं. तळाला काकडी, वर कोबी, मग गाजर, मग वाफवलेले मटार आणि सगळ्यांवर चक्क्याचा जाड थर. प्रत्येक थर पद्माकरांनी पट्टी लावून मोजला आणि त्यावर सपाट चमचाभर मीठ पसरलं.

"मीठ आयत्या वेळी घालावं," हेमलताबाई म्हणाल्या.

"तुझ्या कोशिंबिरीत. इथं वर चक्क्याचं झाकण आहे. हवाच लागणार नाही, तर पाणी सुटेल कुठून?"

"आणि सुटलं तर?"

"तर यापुढे तुझ्या कोशिंबिरीबद्दल मी अवाक्षर काढणार नाही."

"सरी, ठरलं तर मग," त्या म्हणाल्या आणि दळणाचा डबा घेऊन बाहेर पडल्या.

पैज लावताना पद्माकरांनी फारसा विचार केला नव्हता. रोजचा शेरा गेला असता तर त्यांच्या दिवसात पेपर आणि बीपीची गोळी एवढंच उरणार होतं. पण हरायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी ठळक अक्षरांत 'थर मोडू नयेत' अशी चिठ्ठी लिहिली आणि भांड्याला चिकटवली.

भांडं फ्रिजमध्ये मावेना. मग मधला कप्पा काढावा लागला, आणि त्यावरचं दोशाचं पीठ ओट्यावर आलं. सकाळपर्यंत ते फुगून ओट्यावरून फरशीवर उतरलं होतं. ते पुसण्यात तास गेला, निघायला उशीर झाला आणि टॅक्सीवाला गतिरोधकांना जुमानेना. मांडीवरचं भांडं दोन्ही हातांनी धरून पद्माकर "स्वल्प मेल्लगे, अण्णा," असं म्हणत जरा हळू घ्यायला विनवत राहिले. शेजारी हेमलताबाई कापडी पिशवी घेऊन शांत बसल्या होत्या. पिशवीत काय आहे, हे विचारायला पद्माकरांना सवड नव्हती.

एका मोठ्या गचक्याला त्यांनी खाली पाहिलं. तळाशी बोटभर पाणी डुचमळत होतं. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून भांड्याला गुंडाळलं.

"थंडावा टिकावा म्हणून," ते म्हणाले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

वल्लरीच्या हॉलमध्ये एका वेळी बाराच पानं मांडता येत होती. वाढायला वल्लरी होती. तिनं चिठ्ठी वाचली आणि वडलांचा शब्द मोडायचा नाही म्हणून वरच्यावर, अलगद, चमचा चमचा उचलून प्रत्येक ताटात डावीकडे वाढलं. पहिल्या पंक्तीत चक्का संपला. मकरंदरावांनी बोट लावून चाखलं आणि श्रीखंडात साखर घालायची राहिल्याचं सौजन्यानं कळवलं. दुसऱ्या पंक्तीला नुसते मटार आले. उसळ फोडणीला घालायची विसरली की काय, असं विहीणबाईंनी आत येऊन हळूच विचारलं. तिसऱ्या पंक्तीतली जावयाच्या ऑफिसातली मंडळी गाजराचा कीस खाऊन हलव्याची वाट बघत बसली.

"अगं, उभा छेद घ्यायचा," पद्माकर स्वयंपाकघरात येऊन कळवळून म्हणाले. "चमचा तळापर्यंत जायला हवा."

"अप्पा, तुम्हीच लिहिलंय ना, थर मोडू नयेत म्हणून?"

बाहेर मकरंदराव सुपारी कातरत बंगळूरच्या पद्धतीबद्दल काहीतरी सांगत होते आणि लोक हसत होते.

शेवटच्या पंक्तीला घरची माणसं बसली. आता राहिला होता कोबी, काकडी आणि ते पाणी. पद्माकर मान खाली घालून बसले. ताटात डावीकडे काहीतरी पडलं. त्यांनी घास घेतला आणि त्यांची मान वर आली. काकडी कुरकुरीत होती, कोबी करकरीत होता. ताट तिरकं करून पाहिलं, तर एक थेंब ओघळला नाही. म्हणजे टॅक्सीत दिसला तो काचेला आलेला घाम असणार. आणखी वाढ म्हणून त्यांनी खूण केली. ती कोशिंबीरही संपली आणि त्यांचा आवाज मकरंदरावांपर्यंत पोचेल एवढा चढला.

"बघितलंस? चोवीस तास झाले. तळाच्या थरालाही पाणी नाही."

"कसं असेल?" हेमलताबाई म्हणाल्या. "तुम्ही पानावर बसल्यावर मीठ घातलं मी. काकडी, कोबी सगळं पिशवीतून आणलं होतं. तुमचा तळ मघाशीच सिंकमध्ये ओतला."

मकरंदरावांचा अडकित्ता थांबला. पद्माकरांनी ताटाकडे पाहिलं. खाल्लेल्या कोशिंबिरीत दाण्याचं कूट नव्हतं, फोडणी नव्हती, लिंबू जरा पुढे गेलं होतं. तीन शेरे जिभेवर अगदी तयार होते. त्यांनी तोंड उघडलं. हेमलताबाई हातात डाव घेऊन वाट बघत उभ्या होत्या.

पद्माकरांनी तोंड मिटलं आणि ताटाच्या रिकाम्या डाव्या बाजूकडे बोट दाखवलं.