मेहुण्यांच्या कानावरची फौज

"यंदा माझ्या मक्यावर औषधाचा एक थेंब पडणार नाही!" शिंपीकाकांनी कात्री हवेत फिरवत जाहीर केलं. दुकानात गिऱ्हाईक एकच होतं, पण काका बोलत होते अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं.

ते एकुलतं गिऱ्हाईक म्हणजे शेजारच्या रानाचे मालक. फवारणीचा पंप ते बहुधा झोपतानाच पाठीवरून काढत, म्हणून सगळे त्यांना पंपवालेच म्हणायचे.

"मग अळी काय तुमचं तोंड बघून मरणार?" त्यांनी विचारलं.

"अळी जन्मालाच येणार नाही! उद्या संध्याकाळी माझी फौज रानात उतरतेय. एवढीशी माशी, सुईच्या टोकाएवढी! गांधीलमाशीच्या कुळातली, पण चावत नाही. पतंगाच्या अंड्यात ती आपलं अंडं घालते. अळीचा कारभार अंड्यातच आटोपला!"

"उद्या संध्याकाळी बघायला येतो. नाही जमलं, तर तुमच्या रानातही मीच पंप मारणार. तुमची अळी मला नको!"

काकांचा मका दुकानामागेच होता. तुकडा जेमतेम, आणि अळीने पोंगे कुरतडून पानांची पार चाळणी केलेली. म्हणून तर शेतकी खात्यातल्या बाईंनी काकांना कार्डं दिली होती. त्यांवर वाळूसारखी बारीक अंडी चिकटवलेली. "आत माश्या वाढतायत," बाईंनी बजावलं होतं. "थंड जागी ठेवा आणि उद्या संध्याकाळी पानांखाली लावा. ऊब लागली तर घरातच बाहेर पडतील!"

काकांनी कार्डं फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्यामागे लपवली. काकूंना सांगायचं तेवढं राहून गेलं. सेनापती कधी घरात बेत सांगतात का!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पंपवाले आले, ते निम्मी गल्ली घेऊनच. काकांनी ऐटीत फ्रिज उघडला. मागे पातेलं होतं. पातेल्यामागे काहीच नव्हतं.

"अगं, माझी फौज कुठाय?"

"कसली फौज?" काकू म्हणाल्या. "पॉलिशपेपर होता तिथे. फ्रिजमध्ये पॉलिशपेपर ठेवतात का कुणी? दादाला दिला!"

काकूंचे दादा सुतार. सकाळपासून ते माजघराची खिडकी घासत बसले होते. काका धापा टाकत तिथे पोचले, तर मेहुणेच करवादले, "भाऊजी, कुठून आणता हो असला माल? दोन कागद घासले, नुसता भुगा! हा शेवटचा तर हातातच धरला नाही."

शेवटचा कागद त्यांच्या कानामागे पेन्सिलीशेजारी खोचलेला होता. दिवसभराची कानाची ऊब त्याला भरपूर मिळाली होती. कानाच्या पाळीवर काळे ठिपके तुरुतुरु चालत होते.

"मेहुणे, हलू नका! तुमच्या कानावर माश्या निघाल्यात!"

"कसल्या माश्या?"

"गांधीलमाश्यांच्या कुळातल्या..."

पुढचं 'चावत नाहीत' ऐकायला मेहुणे थांबलेच नाहीत! मागच्या दाराने ते जे सुटले, ते थेट मक्यात. मागोमाग काका: "डोकं झटकू नका! कार्ड पाडू नका! या ओळीतून वळा!" त्यांच्यामागे काकू: "अहो, माझ्या भावाला आधी सोडवा!" मेहुणे एका ओळीतून जात, दुसरीतून येत. बांधावर गल्ली टाळ्या पिटत होती.

अखेर मेहुणे बांधावर बसकण मारून बसले. काकांनी त्यांच्या कानामागचं कार्ड हळूच सोडवलं, फाडून त्याचे तुकडे पानांखाली लावले. पंपवाल्यांनी हे सगळं गंभीरपणे पाहिलं आणि पंप न उघडता निघून गेले.

मक्याला नवी पानं फुटली, ती जवळजवळ धड! काका रोज पान उलटून बघत आणि कपडे शिवताना शीळ घालत.

एके दिवशी पंपवाले दुकानात आले, चक्क पंपाशिवाय.

"मानलं तुम्हाला! माझ्या रानातही तुमचीच पद्धत करायची म्हणतो."

काकांची छाती फुगली. कार्ड कुठून आणायचं, कसं ठेवायचं, कधी लावायचं, सगळं त्यांनी रसाळपणे समजावलं. पंपवाले मान डोलावत राहिले.

"ते सगळं आलं ध्यानात," शेवटी ते म्हणाले. "पण माझं रान मोठं आहे. मेहुण्यांना धाप लागली तर?"