सासऱ्यांचा पहिला कागद

"संस्थेच्या इतिहासात आपलं नाव लागणार, बघच तू!" असं मी बायकोला छातीठोकपणे सांगून बसलो होतो.

आमची संस्था म्हणजे देशाच्या नोटा छापणारा छापखाना. मी कचेरीत, बायको तपासणी विभागात, सासरे इथलेच निवृत्त मशीनमन. आमच्या घरात नोटा सोडून नोटांचं सगळं आहे! सुवर्णमहोत्सवानिमित्त इतिहासाचं प्रदर्शन भरवायचं काम माझ्याकडे आलं आणि मला दोन शिंगंच फुटली.

प्रदर्शनातली मानाची वस्तू होती सासऱ्यांचा कागद. पूर्वी आपल्या नोटा परदेशातून बोटीने यायच्या. मग इथे यंत्र बसलं आणि त्यावरचा पहिला कागद, म्हणजे एकत्र छापलेल्या नोटांचा अख्खा ताव, सासऱ्यांनी काढला. तेव्हाच्या साहेबांनी तो तिजोरीत ठेवला तो कायमचाच. "जावईबापू, डोळे मिटायच्या आत एकदा दाखवा हो," असं सासरे दर रविवारी म्हणायचे. फीतही तेच कापणार होते.

तिजोरी उघडली तेव्हा मला कळलं, की शाई पसरून प्रत्येक नोटेवरच्या घोड्याला पाचवा पाय फुटलाय! सासरे याबद्दल कधी चकार शब्द बोलले नव्हते. मीही बायकोला सांगितलं नाही. म्हटलं, आयत्या वेळी गंमत करू.

उद्घाटनाच्या सकाळी वाटलं, याचा झकास फोटो हवा. उजेड सगळ्यात चांगला तपासणीच्या खोलीत. कागद चौकटीतून काढला, तिथल्या एका टेबलावर ठेवला आणि कॅमेरा आणायला गेलो. वाटेत कॅन्टीन लागलं. गरम चहा दिसला की माझं डोकं चालत नाही, त्याला मी काय करू!

परत आलो तर टेबल स्वच्छ! मागे बायको उभी.

"अगं, इथला कागद?"

"तो घाणेरडा? रद्द केला!"

"रद्द म्हणजे?"

"म्हणजे शिक्का मारला आणि तुकडे करायच्या यंत्रात घातला. अहो, घोड्याला पाच पाय! कुठल्या गाढवानं छापला होता कोण जाणे!"

"तुझ्या वडिलांनी."

ती मटकन खाली बसली. मी तर आधीच बसलो होतो.

मग मला अक्कल सुचली. तिजोरीत त्याच काळातला एक बिनचूक नमुना होता. तो चौकटीत लावला. कोणाला कळतंय!

फीत कापली, टाळ्या झाल्या. सासरे चौकटीपाशी गेले, चष्मा पुसला आणि काचेवर बोट फिरवत राहिले.

"हा माझा नाही."

"कशावरून?" आताच्या साहेबांनी विचारलं.

"माझ्या घोड्याला पाच पाय होते." त्यांचा आवाज पडला. "लाज वाटायची, म्हणून पोरीलासुद्धा कधी बोललो नाही."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. इतका म्हातारा माणूस चारचौघांत आपली चूक कबूल करतोय आणि मी खोटी चौकट लावून उभा! सगळं ओकून टाकलं. अगदी चहासकट.

सासऱ्यांनी चष्मा काढला.

"पोरीनं पकडला? किती वेळात?"

"बघताक्षणी," मी पुटपुटलो.

त्यांचा चेहरा उजळला. "त्या दिवशी तीन तपासनिसांच्या हातून निसटला होता हो तो! शेवटी तेव्हाच्या साहेबांनाच दिसला!" रडणाऱ्या लेकीच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला. मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "आणि तुम्ही चहा पीत होतात."

आता चौकटीत कागदाचे तुकडे आहेत. खाली साहेबांनी पितळी पाटी लावून घेतलीय: 'पहिला कागद. छापला वडिलांनी, रद्द केला मुलीने, टेबलावर विसरले जावई.' पुढे माझं संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

आणि पाहुणे आले, की ती पाटी मोठ्याने वाचून दाखवायचं काम माझ्याकडेच आहे!