गुंडेरावांची नदी

धाराशिवच्या बाजारात, भर रस्त्यात, धोतर आणि काळी टोपी घातलेला एक गृहस्थ डबक्याशेजारी पालथा पडलेला दिसला, की नवखा माणूस घाबरून धावायचा. जुना माणूस जागचा हलत नसे. हे कोर्टातले गुंडेराव नाझर आहेत, त्यांना काहीही झालेलं नाही आणि ते पाणी बघताहेत, हे त्याला ठाऊक असायचं.

पाणी उभ्यानं बघू नये, असं गुंडेरावांचं ठाम मत होतं. उभ्या माणसाला पाण्याचा नुसता वरचा पदर दिसतो. त्याची चाल बघायची तर डोळा पाण्याच्या पातळीला न्यावा लागतो. हा नियम ते दुसऱ्याच्या घरीही पाळत. कुणी काचेच्या पेल्यातून पाणी दिलं, की पेला जमिनीवर ठेवायचा, गाल फरशीला टेकवायचा, एक डोळा मिटायचा आणि बराच वेळ बघत राहायचं. घरातल्या बाईला वाटे, पाण्यात किडा निघाला. ती बिचारी दुसरा पेला घेऊन येई. गुंडेराव तोही बघत आणि शेवटी दोन्ही न पिताच उठत.

मी त्यांच्याकडं भाडेकरू म्हणून आलो तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला समोर बसवून घेतलं. 

"मास्तर, तुम्ही भूगोल शिकवता म्हणे. नदी बघितलीय का कधी?"

"भीमा बघितलीय," मी म्हणालो.

"बघितली असेल. मुआयना केलाय का?"

निजामी जाऊन बरीच वर्षं झाली होती. कचेऱ्यांमधली उर्दू जाऊन मराठी आली, गावाची पाटी बदलायच्या गोष्टी सुरू झाल्या, पण गुंडेरावांच्या तोंडातली उर्दू होती तिथंच राहिली. मुआयना म्हणजे नीट तपासणी. तो मी केलेला नव्हता. मी तसं कबूल केलं, आणि माझ्या भूगोलाविषयी त्यांचं मत कायमचं ठरून गेलं.

या सगळ्या मुआयन्याचं कारण मला भाद्रपदात कळलं. आमच्याकडं घरोघर महालक्ष्म्या बसतात. दोघी बहिणी माहेरपणाला येतात, जरीची लुगडी नेसून उभ्या राहतात, आणि त्यांच्यापुढं घरचे लोक हौसेनं आरास मांडतात. कुणी मातीचं शेत करतं, कुणी आठवड्याचा बाजार, कुणी बाहुलाबाहुलीचं लग्न लावतं. गुंडेराव लढाई मांडत.

लढाई इटलीतली होती. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या वेळी ते सोलापूरला जाऊन फौजेत भरती झाले होते आणि तिकडं रसदीच्या गोदामात हिशेब बघत होते. त्यांनी स्वतः बंदूक कितीदा उडवली, हा प्रश्न घरात कुणी काढत नसे. पण त्यांच्या आराशीतली फौज बघण्यासारखी असायची. बोटाच्या पेराएवढे शाडूचे शिपाई, अंगावर खाकी, डोक्यावर लोखंडी टोप, पाठीवर पडशी. काड्यापेट्यांचे ट्रक. मागं भुशाचे डोंगर. आणि या सगळ्याच्या मधोमध नदी. फौज ती नदी ओलांडत असायची.

"लक्ष्म्या बिचाऱ्या चार घास सुखाचे खायला माहेरी येतात," रमाकाकू म्हणजे त्यांच्या पत्नी मला सांगत, "आणि यांनी दारात तोफा लावून ठेवल्यात."

शिपाई गुंडेरावांना जमत, ट्रक जमत, डोंगर तर डाव्या हाताचा मळ होता. जमत नव्हतं ते पाणी. 

खरं पाणी वापरायचा सल्ला मीही दिला, सगळेच देत. त्यावर ते कीव आल्यासारखे बघत. "पाणी फितूर असतं, मास्तर. परातीत ओतलं की ते परातीतलं पाणी होतं. त्याची नदी होत नाही. शिपाई पेराएवढा, तर लाट केवढी हवी? ती तुमच्या खऱ्या पाण्याला काढता येते का?" एके वर्षी त्यांनी तेही करून बघितलं होतं. काठ भिजून खचला, मागचा डोंगर हळूहळू खाली आला आणि आरती चालू असताना अर्धं सैन्य गाळात गेलं.

मग त्यांनी साखरेचा पाक करून ओतला. दिसायला झकास झाला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी फौजेच्या आधी मुंग्यांनी नदी ओलांडली. आरसा घातला, तर हळदीकुंकवाला आलेल्या बाया नदीत वाकून आपलं कुंकू नीट करू लागल्या आणि तिथंच गर्दी तुंबली. चायना ग्रास शिजवून थिजवलं, तेव्हा नदी अंग चोरून काठापासून सुटली आणि वास मारू लागली. वार्निश ओतलं त्या वर्षी कोर्टातले एक वकीलसाहेब सहज म्हणाले, "वा नाझर, चहा छान झालाय." गुंडेरावांनी त्या वकीलसाहेबांशी पुढं फक्त कामापुरतं बोलणं ठेवलं.

कुणीतरी त्यांना सांगितलं, की अंड्याचा पांढरा बलक काचेवर फासला तर हुबेहूब पाण्यासारखं चकाकतं. हे त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून काकूंना विचारलं. काकू त्या वेळी लक्ष्म्यांच्या फराळाच्या करंज्या भरत होत्या. त्यांनी मान वर करून नुसतं बघितलं, आणि बलकाचा विषय तिथंच मिटला.

मी आलो ते काचेचं वर्ष होतं. खाली नदीचा तळ रंगवायचा, त्यावर वाळू आणि बारीक गोटे मांडायचे, आणि वर काच ठेवायची. पाणी नितळ हवं, तळाचा गोटा न् गोटा दिसला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. पण काच दिसायची काचच. त्यांच्याच शब्दांत, "ही नदी नव्हे, हे साहेबाचं टेबल आहे." त्यावर लाटा उठवायच्या म्हणून ते बाभळीचा डिंक भिजवून मलमलच्या फडक्यातून गाळत आणि अंगठ्यानं काचेवर टिपत बसत. जाड थर दिला की तडे जात. पातळ दिला की पावसाळी हवेत वाळत नसे. मग शेगडी जवळ आणायची. फार जवळ आली की डिंक पिवळा पडे, आणि पुन्हा वकीलसाहेबांचा चहा.

हे सगळं मी रोज बघत होतो. एकदा मला राहवलं नाही. मी गुंडेरावांना म्हणालो, "अण्णा, एवढा जीव कशाला काढता? लढाईतली नदी ती. ट्रक गेले, माणसं गेली, वरून पाऊस. पाणी गढूळच असणार. थोडी माती कालवून डिंकात घाला, तळ रंगवायलाही नको. आणि खरंही दिसेल."

गुंडेरावांचा अंगठा काचेवर होता तो तसाच राहिला. चेहरा इतका उतरला, की मला वाटलं यांना घेरी आली. मग ते फार हळू बोलले. "गढूळ नाही, मास्तर. ते पाणी बिलकुल गढूळ नव्हतं." उठले आणि आत गेले. पुढं बरेच दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. येताजाता दिसलो तर टोपी सारखी करायचे आणि दुसरीकडं बघायचे.

शेवटी काकूंनीच मला बोलावून घेतलं. "तुमचं काही चुकलं नाही हो," त्या म्हणाल्या. "तुम्हाला ठाऊक नाही म्हणून सांगते."

गुंडेरावांबरोबर अणदूरचा एक पोरगा भरती झाला होता, खंडू नावाचा. शेतकऱ्याचा एकुलता एक. तो पलटणीत, गुंडेराव गोदामात, पण आपल्या मुलखातला म्हणून जीव लागलेला. अशीच एक नदी ओलांडताना खंडू गेला. लढाई संपल्यावर गुंडेराव घरी आले ते आधी अणदूरला गेले, त्याच्या आईला भेटायला. भागाबाई तिचं नाव. नवरा आधीच गेलेला. तिनं रडणं नाही, ओरडणं नाही, एकच विचारलं. शेवटी माझ्या लेकाच्या तोंडात पाणी पडलं का?

"यांनी सांगितलं, पडलं. मीच घातलं, माझ्या ओंजळीनं. नदीचंच पाणी होतं, काचेसारखं नितळ." काकूंनी पदरानं डोळे पुसले. "हे तिथं नव्हतेच हो. कैक मैल मागं गोदामात होते. दुसऱ्या दिवशी कळलं यांना. पण आईनं असं विचारल्यावर काय सांगणार? मग ती म्हणाली, तसलं पाणी मला एकदा बघायला मिळालं असतं तर जिवाला बरं वाटलं असतं. तेव्हापासून हे चाललंय. ती दरसाल लक्ष्म्यांना येते, आरास बघते, 'बरं हाय' म्हणते आणि जाते. हे तिच्या तोंडाकडं बघत बसतात. यांना धास्ती वाटते, की पाणी खोटं दिसलं तर आपण बोललो तेही तिला खोटं वाटेल. मग त्या माउलीनं उरलेली वर्षं काय करायचं?"

मी खोलीवर आलो आणि स्वतःला चार शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी काही न बोलता डिंक गाळायला जाऊन बसलो. गुंडेरावांनी फडकं माझ्याकडं सरकवलं. "पिळू नका, आपोआप गळू द्या," एवढंच म्हणाले. आमचं बोलणं सुरू झालं.

त्या वर्षी पाणी जमलं. कसं जमलं ते आम्हा दोघांनाही नीट सांगता आलं नसतं. भाद्रपद असून हवा कोरडी पडली, डिंक एकसारखा वाळला, आणि तळाचा रंग त्यांनी काठाला फिका आणि मध्ये हिरवा करत नेला होता तो काचेखालून उजळून आला. दगडाला पाणी अडतं तिथं त्यांनी पिंजलेल्या कापसाची एकेक तार चिकटवली होती. गुंडेराव जमिनीवर पालथे झाले, मलाही व्हायला लावलं. गाल फरशीला लावून आम्ही दोघं एका डोळ्यानं बघत होतो. खरं सांगतो, मला तहान लागली.

"आता?" त्यांनी विचारलं.

"आता नदी आहे," मी म्हणालो.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी दुपारी भागाबाई आली. तुळजापूरला गाडी बदलून येणारी, वाकलेली, काळीसावळी म्हातारी. हातात शेंगांचं गाठोडं. लक्ष्म्यांना तिनं लांबून हात जोडले आणि आराशीपुढं बसली. गुंडेराव खांबाला टेकून उभे. त्यांचा एक हात दुसऱ्या हाताचं बोट चोळत होता. काकू ताट वाढायचं सोडून दारात आल्या.

म्हातारीनं बराच वेळ बघितलं. मग वाकून पाण्यावर बोटं ठेवली. मला वाटलं संपलं, आता तिला काच लागली. 

"गार हाय," ती म्हणाली. बोटं तिनं डोळ्यांना लावली आणि वळून गुंडेरावांकडं बघितलं. "लई निर्मळ केलंस, लेकरा. पर लढाईत असलं पाणी कुठलं रं?"

गुंडेराव खांबापासून सरळ झाले. 

"तू न्हवतास तिथं. ठावं हाय मला. त्याच्या पल्टनीतलं एक पोरगं सुटून आलं, त्ये मागंच समदं सांगून गेलं."

"मग इतकी वर्षं..." गुंडेराव म्हणाले. "इतकी वर्षं येता कशाला, आई?"

"गावात त्याचं नाव आता कोण काढतंय? भावकीतल्या पोरांना त्यो ठावं बी न्हाय. हितं आलं की तू त्याच्यासाठनं काय काय करून ठिवलेलं असतंस." तिनं पुन्हा नदीकडं तोंड केलं. "ह्यात खंडू कंचा?"

एवढ्या वर्षांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं. पण गुंडेरावांना शोधावं लागलं नाही. ते पुढं आले, गुडघे टेकून बसले आणि अलीकडच्या काठाजवळ, पाण्यात घोट्यापर्यंत उभ्या असलेल्या एका शिपायावर त्यांनी बोट ठेवलं. 

"दमला आसंल त्यो," भागाबाई म्हणाली. "जरा भाईर काढ त्याला. बसव कुठं सावलीला."

आपल्या फौजेला गुंडेराव कुणाला बोट लावू देत नसत. घरात केरसुणीसुद्धा तिच्यापासून हातभर लांबून फिरायची. त्यांनी तो शिपाई नखानं हलकेच सोडवला. शाडूचे पाय सरळ होते, त्याला बसवता येईना. आडवं ठेवायला हात गेला तसा त्यांनी तो झटकन मागं घेतला. मग काठावर बाभळीच्या डहाळीचं एक झाड होतं, त्याला त्यांनी शिपाई पाठीनं अलगद टेकवला आणि पडणार नाही ना, हे बघायला कितीतरी वेळ हात तसाच त्याच्याभोवती धरून ठेवला. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"आता बरं हाय," भागाबाई म्हणाली.

काकूंनी तिचं ताट तिथंच, आराशीपुढं आणून वाढलं. ती जेवत होती, गुंडेराव शेजारी बसून तिला वारा घालत होते. समोर सगळी फौज नदी ओलांडत होती आणि एकटा खंडू झाडाखाली थांबला होता.