मैत्रीचं मूल्यमापन

बालवाडीतल्या सुजातसमोर टीव्ही-मोबाइल लावायचा नाही, हा घरातला नियम त्याच्या आईने, पूर्वानेच केला होता. त्यामुळे दोन जिवलग मित्रांची विनोदी कोरियन मालिका तिला स्वयंपाकघरात, फ्रीजच्या आडोशाला, कुकरच्या शिट्ट्यांच्या संरक्षणात बघावी लागे. त्यातला एक जण दुसऱ्याच्या वाटणीच्या नूडल्स खाऊन टाकी, मग दोघे गळ्यात पडून रडत, आणि हसता हसता पूर्वाची भाजी करपे.

आठव्या भागाला तिच्या मनात पाल चुकचुकली. आपल्या नवऱ्याला, प्रज्ञेशला, असा मित्र कुठाय?

मित्र होता. संतोष, नागपूरच्या कॉलेजातला. दर रविवारी दोघे नारायण पेठेत, कोपऱ्यावरच्या अमृततुल्यबाहेर उभ्याने चहा घेत.

"काय बोलता रे तिथे?"

"काही नाही."

"तासभर?"

"मध्ये संतोष म्हणाला, ऊन वाढलंय."

पूर्वा हादरली. बालवाडीच्या ताईंनी पालकसभेत बजावलं होतं, मूल ऐकत नाही, बघतं. म्हणजे आपलं पोर उद्या 'ऊन वाढलंय' एवढ्या भांडवलावर जन्म काढणार!

तिने तातडीची उपाययोजना हाती घेतली. रविवारची भेट टपरीवरून घरी, बालकाच्या समक्ष, हलवण्यात आली. पहिल्या भेटीत दोघांनी सोफ्याच्या दोन टोकांना बसून पंखा बघितला. पूर्वाने अभिप्राय दिला, "भावना कमी पडतायत."

दोघेही आयटीतले. अप्रेझलला सरावलेले. पुढच्या रविवारी संतोष तयारी करून आला.

"प्रज्ञेश, तुझं माझ्या आयुष्यातलं योगदान मी तीन मुद्द्यांत..."

"अरे, आधी पाणी तरी पी," प्रज्ञेश कळवळला आणि पूर्वाकडे वळला. "हे धरायचं का भावनेत?"

मिठी मारली की सुजात खिदळायचा, म्हणून तिचा सराव लिफ्टमध्ये ठेवला. सीसीटीव्हीत तो पाहून सोसायटीचे सचिव रावसाहेब यांनी पाटी लावली : 'लिफ्टमध्ये स्नेह व्यक्त करू नये. मजला आल्यावर करावा. दुपारी एक ते चार तिथेही करू नये.'

त्यानंतर संतोष आलाच नाही. "त्याला काम असतं हल्ली," प्रज्ञेश म्हणाला आणि एकटाच पंखा बघत बसला. चांगली चाललेली मैत्री आपण मोडली, हा विचार पूर्वाची पाठ सोडेना. काही तोडगा सापडतो का म्हणून तिने मालिकेचे आणखी दोन भाग पाहिले. तोडगा नव्हता. हसू मात्र पोटभर आलं, आणि त्याची लाज वाटली.

एका रविवारी प्रज्ञेश कोथिंबीर आणायला म्हणून गेला तो येईचना. सुजातला कडेवर घेऊन ती शोधायला निघाली. कोपऱ्यावर दोघे मित्र भिंतीकडे तोंड करून, चोरासारखे चहा पीत होते. कोथिंबीर संतोषच्या खिशात होती.

"तिनं बघितलं तर?" संतोष म्हणाला.

"नाही रे. ती आत्ता कोरियात असेल."

यावर दोघे इतके हसले की प्रज्ञेशचा चहा सांडला. संतोषने आपल्यातला अर्धा त्याच्या कपात ओतला.

"ऊन वाढलंय," तो म्हणाला.

सुजात टक लावून बघत होता. पूर्वाचे डोळे भरून आले. त्यांना चाहूल लागू न देता ती माघारी वळली आणि घरी येताच तिने शनिवार पेठेतल्या भाग्यश्रीला फोन लावला. कॉलेजात दोघी एका डब्यात जेवत. सुजातच्या बारशानंतर बोलणंच नव्हतं.

"अगं पूर्वा! सगळं बरं आहे ना?"

"हो गं, सहज केला. खूप आठवण आली तुझी."

"मलाही येते गं! पण नंतर बोलू का? एक कोरियन मालिका लावलीय. दोघं मित्र आहेत. बाई, मैत्री असावी तर अशी!"

"कितवा भाग?"

"नववा."

"मग बघ, बघ. दहाव्यात तर तो..."

"सांगू नकोस!" म्हणून भाग्यश्रीने फोन ठेवला.

पूर्वाने तिला एक हसरा चेहरा पाठवला. भाग्यश्रीने उलट दोन पाठवले. एवढ्यावर मैत्रीचं नूतनीकरण पूर्ण झालं.

आज तुम्हीही कुणाला तरी असा चेहरा पाठवलाच असेल. नसेल, तर ही गोष्ट पाठवा. फोन करायची गरज नाही.