एकाच खेपेत सगळी फरशी!

"एका खेपेत सगळी फरशी दुकानात आणली नाही, तर नाव बदलीन!" असं मी बायकोला छातीठोकपणे सांगून निघालो. उद्या सकाळी आमच्या फरशीच्या दुकानाचं उद्घाटन, आणि दुकानात माल म्हणाल तर एक झाडू!

ट्रक वहिनींचा. चालवतात त्याच. घाटातसुद्धा त्यांचा हात डळमळत नाही आणि घरात जीभ!

खाणीवर पोचल्यावर वहिनी जेवायला गेल्या. जाताना म्हणाल्या, "भावजी, मी येईपर्यंत भरायला घेऊ नका."

पण कर्तबगार माणूस थांबतो होय? ट्रकच्या पाटीवर ठसठशीत लिहिलेलं होतं : एकूण वजन सोळा टन. मी हमालांना मोजून सोळा टन फरशी भरायला लावली. एक तुकडा जास्त नाही! ट्रक पोटभर जेवलेल्या म्हशीसारखा खाली बसला.

वहिनी आल्या आणि किंचाळल्याच.

"भावजी! रिकाम्या गाडीचं वजन धरलंत का?"

"रिकामी म्हटल्यावर तिला वजन कसलं, वहिनी?"

"एकूण म्हणजे गाडीसकट! गाडीच सहा टनांची आहे! म्हणजे माल फक्त दहा!"

माझा विश्वास बसेना. शेवटी फाटकाजवळच्या वजनकाट्यावर गाडी घेतली. बावीस टन!

पण मीही हट्टाला पेटलेलो. ताडपत्री उतरवली. पाण्याचा कॅन उतरवला. वहिनींचा डबा उतरवला.

"साहेब," काटेवाले खिडकीतून ओरडले, "सहा टन जास्त आहे! डब्यात काय नांगर आहे का?"

मग हमालांबरोबर मीही भिडलो. मागचं फळकं उघडून हाताला येईल ती फरशी उतरवत सुटलो. कंबरेचे टाके ढिले झाले, पण सहा टन उतरवले!

"आता?"

"एकूण बसलं," काटेवाले म्हणाले. "पण पुढच्या चाकांवर जास्त आहे. मागनं रिकामी केलीत, सगळा भार पुढे!"

"चाकांचंही वेगळं असतं?"

"भावजी," वहिनी शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाला चार माणसांनी उचललं आणि सगळा भार एकाच्याच खांद्यावर आला, तर त्याचं काय होईल?"

उदाहरण मला मुळीच आवडलं नाही. पण माघार नाही! पुढची फरशी मागे, मागची आणखी मागे!

"बसलं!" काटेवाले ओरडले. "अगदी काठोकाठ!"

वहिनी स्टिअरिंगवर होत्याच. मी विजयी वीरासारखी टुणकन केबिनमध्ये उडी मारली.

"अहो, पुन्हा वाढलं!" काटेवाले ओरडले.

वहिनींनी मला वरून खाली, मग खालून वर पाहिलं. हात लांब करून माझ्या बाजूचं दार तेवढं उघडलं.

ट्रक गेला. मी उरलेल्या सहा टनांवर बसून राहिलो. त्या फरश्यांनी मात्र माझं वजन मुकाट्यानं पेललं!