अंबाजीशेठना घडलेला उपवास

माझ्या प्रोग्रामात चूक? शक्यच नाही! किहीमला माझ्या मावशीची पाहुण्यांसाठी कॉटेजेस आहेत. तिच्या स्वयंपाकघरासाठी मी एक प्रोग्राम लिहिला, तोही ‘फंक्शनल’ प्रकारच्या संगणकी भाषेत. पाहुण्यांनी मोबाइलवर हवं त्यापुढे टिक करायची, की मावशीच्या स्क्रीनवर बेत हजर! आतल्या आत प्रत्येक बेताला मी ओळीने आकडा दिला होता. मासे एक, अंडी दोन, उपवास तीन.

"या भाषेत एकदा दिलेली किंमत कुणाच्या बापालाही बदलता येत नाही!" मी मावशीला ऐकवलं.

"आधी तुझं लगीन जमू दे, म्हणजे मिळवली!"

कारण रविवारी रचनाकडची मंडळी मला बघायला येणार होती. रचना मला मनापासून आवडली होती, पण होकार होता तिच्या वडिलांच्या हातात. अंबाजीशेठ उरणकडचे, ट्रकच्या धंद्यातले. म्हटलं, त्यांनाच टिक करायला लावू. छाप पडेल!

रविवारी सकाळी मावशी ओरडली, "अरे केतन, अंबाजीशेठचा उपास हाय! आता या सुरमईचं काय करू?"

"स्क्रीन म्हणते ना? मग उपवासच!"

सुरमई शेजारच्या चंदाबाईंकडे गेली.

दुपारी अंबाजीशेठ बाह्या सरसावून बसले. पुढ्यात वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी आणि साबुदाण्याची खिचडी! त्यात शेजारून तळलेल्या सुरमईचा घमघमाट!

"आमी मासं न् अंडी दोनी सांगितली व्हती!" अंबाजीशेठ गरजले. "आमच्यात मांजर पन उपास करत न्हाय!"

रचनाही प्रोग्रामरच. तिने माझा लॅपटॉप ओढला, आणि हसतच सुटली.

"अहो, दोन ठिकाणी टिक केली की आकड्यांची बेरीज होते! मासे एक, अंडी दोन, झाले तीन. म्हणजे उपवास! बेतांना एक, दोन, चार, आठ असे दुप्पट आकडे द्यायचे. मग कुठलीच बेरीज दुसऱ्याच्या जागी जाऊन बसत नाही."

अंबाजीशेठ माझ्याकडे वळले. संपलं सगळं, असं वाटून मला अक्षरशः रडू यायला लागलं.

"एक न् दोन तीन, येवढं पन याला समजलं न्हाय?" ते म्हणाले. "हा काय कुनाला फसवनार! पोरगी सुखात राहील. ठरवा!"

मावशी धावत चंदाबाईंकडे गेली. त्या माउलीने उरलेली सगळी सुरमई ताट भरून परत पाठवली. पण ती पुरली फक्त पाहुण्यांना!

होणाऱ्या जावयाने मात्र त्या दिवशी कडक उपवास केला. परातभर खिचडी एकट्याने संपवली!