ज्याच्यावर टीका, त्याला उत्तर

बहात्तरच्या पंचायत समितीच्या निवडणुकीत आमच्या गावात भांडण होणार नाही, असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं. दोन्ही उमेदवार एकाच पारावर आणि अध्यक्ष मी! तासगाव तालुक्यात असली सभा कुणी घेतली नव्हती. का घेतली नव्हती, ते मला नंतर कळलं.

मी गावचा मास्तर; खरं तर मला शाळेचं छप्पर हवं होतं. वळवात पत्रे उडाले, तेव्हापासून शाळा देवळात भरत होती. रोज घंटा वाजवत माणसं यायची आणि माझी बेरीज चुकायची. दोघांनी चारचौघांत छपराचा शब्द द्यावा, एवढाच माझा डाव.

"वैयक्तिक टीका नको," मी बजावलं. "कुणी केलीच, तर ज्याच्यावर झाली त्याला उत्तराचा हक्क!"

झालं! पायावर कुऱ्हाड मीच मारून घेतली.

लालासाहेब उठले. पलटणीतून पेन्शनीत आलेले, उसाचे मोठे बागायतदार. "मी नाव घेत न्हाई, पर काही लोकांची म्हस रोज दुसऱ्याच्या उसात चरतीया."

दुसरे उमेदवार नाथाजी ताडकन उभे. "गुरुजी, मला उत्तर द्यायचंय!"

"अहो, तुमचं नाव कुठं घेतलंय?"

"आवं, उसात शिरणारी म्हस गावात माझ्या एकट्याचीच हाय!"

टाळ्या! नाथाजी पेटले. "आन् हे मोठं फौजी! पलटणीत ह्यांनी बंदूक न्हाई, झारा चालवला झारा!"

आता लालासाहेबांना हक्क. "झारा तर झारा! पर तुज्या लग्नातल्या आमटीवानी पानी न्हाई रांधलं कवा!"

बायकांतून अंजना उठली. नाथाजींची बायको आणि लालासाहेबांची सख्खी बहीण. "गुरुजी, मला बी हक्क हाय न्हवं?"

"आहे, बाई," मी थकून म्हणालो.

"दादा, आचारी आला न्हवता म्हनून ती आमटी तूच रांधली हुतीस!"

पारावरची माणसं हसून हसून लोळायची तेवढी राहिली. मग आमटी खाल्लेल्या प्रत्येकाला हक्क हवा झाला. धोंडुबाई तर म्हणाली, "आमटी झ्याक हुती, भातच कच्चा!" भाताची बाजू घ्यायला आणखी दोघं उठले. कंदिलाचं तेल संपत आलं, माझा जीवही.

शेवटी मी ओरडलो, "तुम्ही दोघंही सारखेच! छपराचं बोला की!"

दोन्ही उमेदवार पहिल्यांदाच खांद्याला खांदा लावून उभे राहिले.

"गुरुजी," लालासाहेब म्हणाले, "ही वैयक्तिक टीका झाली."

"व्हय," नाथाजी म्हणाले. "आता आमी उत्तर देणार. निवडून कोन बी येऊ दे, ह्या गुरुजींची बदली करायची!"

एवढ्या टाळ्या त्या सभेत आधी पडल्याच नव्हत्या.

नाथाजी निवडून आले. आठवड्याभरात हुकूम माझ्या हातात! निवडणुकीतलं वचन इतक्या तातडीनं पाळलेलं मी दुसरं पाहिलेलं नाही.

हल्ली मी तालुक्याच्या टोकाला, डोंगरातल्या एका वाडीत आहे. माणसं चांगली आहेत. परवा सरपंच म्हणाले, "गुरुजी, औंदा सभंचं अध्यक्ष तुमीच."

घसा बसलाय, असं मी त्यांना सांगितलं. तेही खुणेनं.